पावणा एक्सल

"पोचलात का?"

रघूअण्णांचा फोन उचलला की पहिले शब्द हेच. नमस्कार नाही, कसे आहात नाही. गॅरेजमधून गाडी बाहेर पडली की माणूस साधारण केव्हा घरी पोचेल याचा अण्णा मनाशी अंदाज बांधत आणि त्या सुमाराला फोन लावत. गाडीत साधा फ्यूज बदललेला असो की अख्खं इंजिन उतरवलेलं असो, चौकशी ठरलेली. नारायणगावात त्यांच्या या फोनची भरपूर थट्टा चालायची. एकदा एक गिऱ्हाईक वैतागून म्हणालं, "अण्णा, मी पोचलो, जेवलो, आता झोपू का?" अण्णांनी शांतपणे "झोपा की," म्हणून फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "गाडी पोचल्याबिगर आपलं काम झालं न्हाई, ताई. नट आवळला मंजी झालं, असं नसतंय."

माझं स्पेअर पार्टचं दुकान त्यांच्या गॅरेजला लागून आहे. वडिलांच्या मागे मी गल्ल्यावर बसायला लागले तेव्हा बाजारपेठेत कुजबुज झाली, बाई काय बेअरिंग विकणार म्हणून. अण्णांना त्यात रस नव्हता. त्यांना बाईची नाही, बेअरिंगची काळजी होती. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्याकडून एक बेअरिंग घेतलं, कानाशी धरून फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि "दुसरं दाखवा," म्हणाले. दुसरं दाखवलं. मग पहिलंच घेऊन गेले.

किडकिडीत माणूस. डोक्यावर पांढरी टोपी, आणि टोपीच्या कडेला उजव्या अंगठ्याचा काळा ठसा, कारण ग्रीसच्या हातानेच ती सारखी करायची सवय. चहा पिताना रस्त्यावरून एखादी गाडी कुरकुरत गेली की यांच्या कपाळाला आठी पडे, कप खाली ठेवून ते धावत सुटत आणि अनोळखी माणसाला हात करून सांगत, "पावणं, मागलं चाक बगून घ्या, राव." अर्धे लोक आभार मानत, अर्ध्यांना वाटे हा गिऱ्हाईक पकडतोय. अण्णांना दोन्हींचं काही नव्हतं. ते परत येऊन गार चहा पीत.

मला वाटायचं, यांच्या हातून कधीतरी काही विपरीत घडलं असणार, त्याशिवाय माणूस इतका धास्तावत नाही. एकदा विचारलंच. अण्णा विचारात पडले आणि म्हणाले, "न्हाई बा. आजवर काय सुदिक झालं न्हाई. म्हून तर भ्या वाटतं."

ते मूळचे घाटघरचे, नाणेघाटाच्या तोंडाशी असलेल्या गावचे. मावशी, म्हणजे त्यांची बायको, तिकडे भातशेती बघत. अण्णा आठवडाभर गॅरेजच्या मागच्या खोलीत राहत आणि शनिवारी संध्याकाळी जुन्या स्कूटरवर बसून गावी जात. सोमवारी सकाळी शटर वर गेलेलं असे. एवढ्या डोंगरवाटेने ते कसे जातात, कसे येतात, याचा आम्ही कुणी कधी विचार केला नाही. शटर वर गेलं म्हणजे अण्णा आले.

अशा माणसाकडे संकेतने ती लाल गाडी आणली.

संकेत महाळुंगे पडवळचा. टोमॅटोचा व्यापार करतो, हसतमुख, हातात सतत दोन मोबाइल. त्याच्या वडिलांनी, आबांनी, उभी हयात बैलगाडा पळवला. तालुक्यात यात्रा कुठलीही असो, आबांचे बैल तिथे असत. मुलाचं मात्र बैलांपेक्षा चाकांवर प्रेम. पुण्यात कुणाकडे तरी धूळ खात पडलेली, दोन माणसांची, बिनटपाची स्पोर्ट्स कार त्याने हौसेने विकत घेतली. गाडी देखणी, बुटकी, रस्त्याला चिकटून चालणारी. पण ती काढणारी कंपनी कधीच बंद पडलेली, आणि पुढच्या चाकांना फिरवणारे दोन्ही एक्सल खिळखिळे झालेले. वळण घेतलं की चाकातून खट-खट-खट असा आवाज येई. अण्णा तो आवाज ऐकून रात्रभर झोपले नाहीत, असं मला त्यांच्या डोळ्यांवरून वाटलं.

एक्सल कुठून आणायचे? मी पुण्यातले माझे सगळे ओळखीचे दुकानदार पालथे घातले. शेवटी कळलं की त्याच गिअरबॉक्सवर दुसरी एक गाडी निघाली होती, चार दारांची, साधी घरगुती. तिचे एक्सल मिळाले. दोन्ही टोकांचे दाते तंतोतंत बसत होते. डावा तर जणू याच गाडीसाठी केलेला. उजवा मात्र तीन सूत कमी भरला. सूत म्हणजे आमच्याकडचं सुताराचं आणि फिटरचं माप, इंचाचा आठवा हिस्सा.

"तीन सुतांनी काय होतंय, अण्णा?" मी म्हणाले. "आतमध्ये पुढे-मागे सरकायला जागा असतेच की."

"जागा असती. पर ती त्याची सोताची जागा असती. आपन ती आदीच खाल्ली, मंग त्यानं सरकायचं कुठं?"

दुसऱ्या मॉडेलच्या पार्टला अण्णा 'पावणं' म्हणत. पावण्यांवर त्यांचा राग नव्हता. ते म्हणत, पावणं कार्य निभावून नेतं, पण त्याला कुणी गोठ्यातलं शेण काढायला लावतं का? त्यांचं म्हणणं असं की उजवा एक्सल भोसरीच्या एका लेथवाल्याकडून मापात करून घ्यावा आणि तोवर गाडी उभी राहावी. पण यात्रा तोंडावर आली होती. संकेतला आबांना शेजारी बसवून गावातून मिरवायचं होतं. तो रोज यायचा, अण्णांच्या मागे मागे फिरायचा, "अण्णा, आबांचं वय झालं, पुढच्या यात्रेचं काय सांगावं?" असं म्हणायचा. आबांची तब्येत ठणठणीत होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. अण्णा शेवटी विरघळले. पावणे बसवले, गाडी मंचरपर्यंत सरळ रस्त्याने स्वतः चालवून आणली, आणि गाडी देताना संकेतचा हात धरून म्हणाले, "ह्ये बग, पावणा एक्सल हाय. सरळ रस्त्यानं, दमानं चालीव. भोसरीचा माल आला की ह्यो काढायचा. आन् येक गोष्ट. घाटात घालायची न्हाई. काय वाट्टेल ते झालं तरी घाटात न्हाई."

"घाटात?" संकेत हसला. "अण्णा, घाटात घातली तर आबा मला उभा फाडतील. न्हाई घालत. शब्द."

अण्णांचा चेहरा सैल झाला. मलाही बरं वाटलं. गाडी गेली. थोड्या वेळाने "पोचलात का?" झालं. पोचले होते.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी दुकान उघडून मी गल्ल्यावर बसते तोच संकेतचा फोन आला. त्याला गाडीच्या आरशाची काच हवी होती. पाठीमागून वारा नुसता घोंघावत होता. "ताई, आबांना घेऊन निघालोय मुरबाडला, दीदीला यात्रेचं आवतण द्यायला," तो ओरडून म्हणाला. "आबा म्हणले, लेकीला फोनवर कुठं आवतण देत्यात व्हय!" मी हसले. मग काच शोधता शोधता सहज अण्णांना हाक मारून सांगितलं, "संकेत आबांना घेऊन मुरबाडला निघाला बरं का."

पलीकडे पान्याचा आवाज थांबला.

अण्णा दुकानाच्या दारात येऊन उभे राहिले. "मुरबाड मंजी माळशेजनं?"

"मग आणखी कुठून?"

"ताई, मी त्याला घाटात घालू नको म्हणालो व्हतो."

"अहो, ते यात्रेतल्या घाटाचं ना?"

"यात्रेतला घाट?" अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. मी त्यांच्याकडे.

आमच्या बैलगाड्याच्या गावांत घाट म्हणजे शर्यतीची धाव. चढाची, मातीची, दोन्ही बाजूंना माणसं उभी असतात ती. यात्रेत त्या घाटात लाल गाडी घालून लोकांकडून शिट्ट्या घ्यायचा संकेतचा बेत सगळ्या गावाला ठाऊक होता, आणि त्यावरून आबांनी त्याला झापलंही होतं. अण्णा 'घाट' म्हणाले तेव्हा त्याला तोच घाट दिसला. मलाही तोच दिसला. पण अण्णा घाटघरचे. त्यांच्या गावाच्या नावातच घाट. त्यांच्याकडे बैल शर्यतीत पळत नाहीत, भाताच्या खाचरात चिखल तुडवतात. त्यांच्या तोंडी घाट म्हणजे एकच, डोंगर उतरून कोकणात जाणारा. एकाच मुलखातले आम्ही लोक, एकच शब्द बोलून समाधानाने घरी गेलो होतो.

अण्णांनी फोन लावला. 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर.' पुन्हा लावला. तेच. मी गल्ल्याला कुलूप घातलं, दुकानाची व्हॅन काढली, आणि अण्णा जॅक व हत्यारांची पिशवी घेऊन शेजारी बसले.

ओतूर येईपर्यंत अण्णांचा उजवा पाय सारखा हलत होता. पुढे ट्रक आला की ते नसलेला ब्रेक दाबत, रस्ता मोकळा झाला की नसलेला अ‍ॅक्सिलरेटर. डिंगोरे मागे पडलं तशी मला राहवेना. "नक्की काय होईल, अण्णा?" मी विचारलं.

"सरळ रस्त्यावर काय न्हाई व्हनार." ते समोर बघतच बोलले. "एक्सलचं टोक आत एका वाटीत बसतं. अवघड वळनावर चाक पुरं फिरतं, त्यात खड्डा आला तर खाली लोंबतं, आन् एक्सलाला बाहेर वढतं. त्यात ह्यो तीन सूत कमी. वाटीतनं सुटला की चाकाचा आन् इंजिनाचा संबंध संपला. उताराला गेर घातला काय आन् न घातला काय. सगळा भार ब्रेकावर. आन् ती गाडी जुनी, ताई. ब्रेक मी बगितलेत, पर जुनीच की ती." मग थोड्या वेळाने हळूच, "आबांनी पट्टा लावला असंल का?"

आबा आणि सीटबेल्ट! वाटेत करंजाळ्याला टपरीवाल्याला विचारलं, लाल गाडी गेली का? तो खुशीत म्हणाला, "गेली की! बिनटपाची! म्हातारं झक बसलं व्हतं." किती वेळ झाला ते त्याला सांगता येईना. अण्णा पुटपुटत राहिले, "घाट म्हणालो मी. माळशेज म्हणायला काय झालं व्हतं? नाव घ्यायला काय झालं व्हतं?" मला खरंच काळजी वाटत होती. संकेतची, आबांची, आणि आता शेजारी बसलेल्या या माणसाचीही. दोघांना काही झालं असतं तर अण्णांनी पुन्हा पाना हातात धरला नसता. त्यांच्या 'आजवर काय झालं न्हाई'ला आज तडा जाणार असं वाटत होतं.

मढ ओलांडलं. धरणाचं पाणी दिसायला लागलं. जिथे सपाटी संपून घाटाची पहिली वळणं सुरू होतात, त्याच्या जराशी अलीकडे रस्त्याकडेला काहीतरी लाल चमकलं.

गाडी उभी होती. सरळ, शांत, जशी पोरांनी खेळून ठेवून द्यावी तशी. आबा आत बसलेले, बोडके, पांढरे केस वाऱ्याने उभे राहिलेले, आणि विलक्षण संतापलेले. संकेत खालच्या झुडपांत कमरेएवढ्या गवतात काठीने काहीतरी धुंडाळत होता.

"काय झालं?" मी व्हॅनमधून उतरता उतरता ओरडले.

"टोपी!" आबा गरजले. "ह्याच्या गाडीला न्हाई टप! उडाली माझी टोपी! मी म्हनलं, हितनं फुडं चाक हलवू नगंस. बोडक्या डोक्यानं लेकीच्या सासरी जाऊ व्हय मी? व्याही काय म्हनतील?"

संकेत वर येत म्हणाला, "ताई, अर्धा तास झाला हुडकतोय. मी म्हणलं मुरबाडला नवी घेऊ, तर ऐकायला तयार न्हाईत."

अण्णा रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसले. आधी मला वाटलं चक्कर आली. मग बघितलं तर त्यांचे खांदे हलत होते, आणि ते हसत होते की रडत होते हे मी आजही सांगू शकत नाही. आबा चिडून म्हणाले, "हसायला काय झालं, ओ?" अण्णा उठले, स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढली, दोन्ही हातांनी सारखी केली आणि आबांच्या डोक्यावर ठेवली. अंगठ्याचा काळा ठसा बरोबर आबांच्या कपाळावर आला. "ही घ्या," ते म्हणाले. "पावणीच हाय, पर निभावून नेईल."

मग त्यांनी जॅक लावला. उजवं चाक जमिनीवरून सुटून लोंबकळलं. अण्णांनी संकेतला स्टिअरिंग पूर्ण फिरवायला सांगितलं. त्याने ते शेवटपर्यंत फिरवलं, अण्णांनी चाक धरून हलकेच बाहेर ओढलं, आणि आतून एकच आवाज आला. खट्. एक्सल वाटीतून सुटला होता. संकेतने समोर पाहिलं. समोर पहिलं वळण होतं आणि त्याच्या पलीकडे नुसतं आभाळ. त्याने गाडीची किल्ली काढली आणि अण्णांच्या हातात ठेवली.

अण्णांनी आबांना आणि त्याला आमच्या व्हॅनमध्ये बसवून मुरबाडला धाडलं. एक्सल पुन्हा जागेवर बसवला, चाक सरळ करून गाडी खाली घेतली, आणि आम्ही दोघं त्या लाल स्पोर्ट्स कारमधून सरळ रस्त्याने नारायणगावकडे निघालो, इतक्या सावकाश की सायकलवाले वळून बघत. बोडक्या डोक्याचे अण्णा मी पहिल्यांदाच बघत होते. एकदम म्हातारे दिसले. ओतूरच्या पुढे त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि फोन लावला.

"पोचलात का?"

फोनमधून आबांचा आवाज मलाही ऐकू आला, "पोचलो! व्याही इचारत्यात, कपाळाला काय लावलंय?"

पुढे भोसरीचा एक्सल आला. अण्णांनी पावण्याची रवानगी केली. यात्रेतल्या घाटात बैलच पळाले, आणि संकेत आबांच्या शेजारी मुकाट्याने उभा राहिला. अण्णांच्या बोलण्यात मात्र तेव्हापासून एक फरक पडला. ते प्रत्येक गोष्ट दोनदा, नाव घेऊन सांगू लागले. "घाटात, मंजी डोंगरातल्या, बैलाच्या न्हाई." "डावीकडं, मंजी ह्या हाताला." लोक आणखी हसायला लागले. मी हसत नव्हते.

गेल्या वर्षी अण्णांना ऐकू कमी येऊ लागलं. आधी आम्हाला कळलंच नाही. एक दिवस एक गाडी दारावरून चांगली कर्कश ओरडत गेली आणि अण्णा चहा पीत राहिले, तेव्हा माझ्या लक्षात आलं. दिवाळीनंतर ते मला म्हणाले, "ताई, गॅरेज बंद करतो. आवाज आला तर काळजी करता येती. आता आवाजच येत न्हाई, तर रोजचीच काळजी. झेपंना." मी खूप समजावलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेही त्यांनी पाहिलं. पण ते ठरवून आले होते.

घाटघरला सोडायला संकेत तीच लाल गाडी घेऊन आला. अण्णांनी आधी खाली वाकून उजवा एक्सल बघितला, मग बसले. टोपी काढून मांडीवर धरली. माझ्याकडे बघून हात वर केला आणि गाडी जुन्नरच्या रस्त्याला लागली.

मी गल्ल्यावर येऊन बसले. काम काही सुचेना. संध्याकाळ व्हायला आली. संकेतचा फोन लागेना, अण्णांचाही नाही. 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर.' वाटलं, जन्मभर दुसऱ्यांना विचारणाऱ्या या माणसाला स्वतः पोचल्याचं कळवायचं सुचू नये? आणि मग लक्षात आलं की इतकी वर्षं ते दर शनिवारी त्या वाटेने गेले, आणि असा फोन आपण एकदाही केला नाही. मी पुन्हा लावला. पुन्हा लावला. शेवटी रिंग वाजली.

"कोन?"

"अण्णा, मी. पोचलात का?"

"काय?"

"पोचलात का?" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारचे दुकानदार बाहेर आले.

मला वाटलं, अजूनही ऐकू गेलं नाही. पुन्हा ओरडणार तोच अण्णांचा आवाज आला, अगदी हळू.

"ताई, ह्ये मला आजवर कुनी इचारलं न्हवतं. काय म्हनायचं असतं?"

"पोचलो म्हणायचं, अण्णा!"

"बरं," अण्णा म्हणाले. "मंग पोचलो."